बार-लेव्ह रेषा: वाळूचा तट, पाण्याचा मारा आणि वेळेवर न पोहोचलेले रणगाडे

प्रश्न असा आहे: सुएझ कालव्याच्या पूर्व काठावर इस्रायलने उभारलेली बार-लेव्ह रेषा अभेद्य समजली जायची. मग ६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्तने ती काही तासांत, तीही पाण्याच्या फवाऱ्यांनी, कशी फोडली? आणि यावरून सीमेवरची तटबंदी म्हणजे निव्वळ पैशाची नासाडी, असं म्हणायचं का?

मी लष्करात सॅपर होतो. पूल बांधायचे, सुरुंग पेरायचे आणि काढायचे, अडथळे उभे करायचे आणि दुसऱ्याचे फोडायचे, हेच काम आयुष्यभर केलं. त्यामुळे या लढाईकडे मी पहिल्यापासून वाळू, पाणी आणि घड्याळ या तीन गोष्टींच्या अंगाने पाहत आलो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. पाण्याने वाळू वाहून गेली, हे खरं आहे. पण रेषा त्यामुळे पडली नाही. या रेषेचं काम नेमकं काय, हे इस्रायलने साडेचार वर्षांत शेवटपर्यंत ठरवलं नाही, आणि तटाने मिळवून दिलेले तास वापरायला तटाच्या मागे कुणी हजर नव्हतं. रेषा पडली ती यामुळे.

जून १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने इजिप्तचं अख्खं सिनाई द्वीपकल्प घेतलं आणि त्यांचं सैन्य कालव्याच्या पाण्यापर्यंत येऊन थांबलं. नकाशावर ही सीमा फार सुरेख दिसते. भूमध्य समुद्रापासून सुएझच्या आखातापर्यंत सुमारे १६० किलोमीटर लांबीचा, जवळजवळ २०० मीटर रुंद कालवा. रणगाड्यांना याहून चांगला खंदक कुठे मिळणार? पण पाण्याच्या काठावर उभं राहणं आणि पाण्याच्या काठाचं रक्षण करणं यात फरक आहे. १९६८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इजिप्तच्या तोफखान्याने अचानक मोठे मारे केले आणि उघड्यावरच्या, तकलादू मोर्च्यांमधले बरेच इस्रायली सैनिक मारले गेले. त्यानंतर सेनाप्रमुख हैम बार-लेव्ह यांनी मेजर जनरल अव्राहम अदान यांच्याकडे काठाच्या संरक्षणाचा आराखडा करण्याचं काम सोपवलं.

अदान यांनी सुचवलेली रचना साधी होती. कालव्याच्या काठावर अंतराअंतरावर छोट्या गढ्या, अशी सुमारे तीस ठाणी. जिथून पलीकडे उतरायला रस्ता आहे अशा जागा त्यांनी व्यापल्या होत्या: कंतारा, इस्माइलियासमोरचा भाग, कालव्याच्या वाटेवरच्या बिटर लेक सरोवराची टोकं, सुएझ. ठाण्यांच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यावर गस्त आणि नजर. मागे दहाएक किलोमीटरवर उत्तर-दक्षिण जाणारा रस्ता, त्याला ते 'तोफखान्याचा रस्ता' म्हणत, आणि त्याच्याही मागे रणगाड्यांच्या तुकड्या. काठाशी समांतर आणखी एक रस्ता, 'लेक्सिकन'. म्हणजे काठावरच्या गढ्यांनी पाहायचं आणि कळवायचं. ठोसा मागून रणगाड्यांनी द्यायचा. मार्च १९६९ पर्यंत बांधकाम उरकलं.

या गढ्यांची छपरं हा माझ्या आवडीचा विषय आहे. पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाइनच्या मोहिमेसाठी ब्रिटिशांनी कंताऱ्याहून सिनाईच्या उत्तर किनाऱ्याने रेल्वे टाकली होती. इस्रायली इंजिनिअरांनी त्या मार्गाचे रूळ आणि स्लीपर उपटले आणि बंकरच्या छपरांवर आडवे टाकले. त्यावर तारेच्या जाळीत भरलेले दगड, त्यावर वाळू. याचं तत्त्व समजून घेण्यासारखं आहे. तोफगोळा छपरावर आदळतो तेव्हा तो वरच्या दगडांच्या थरात फुटावा. दगड सुटे असल्यामुळे ते हलतात, एकमेकांवर घासतात आणि स्फोटाची ताकद तिथल्या तिथे खाऊन टाकतात; खालच्या रुळांपर्यंत फक्त दाब पोहोचतो, आणि दाब पेलायला पोलाद असतं. सलग काँक्रीटची जाड लादी दिसायला भक्कम वाटते, पण तिला तडा गेला की ती आतल्या माणसांवर कोसळते. जाळीतले दगड उडाले तर रात्री परत भरता येतात. मार्च १९६९ ते ऑगस्ट १९७० च्या, दोन्ही काठांवरून तोफांनी चाललेल्या झिजवणुकीच्या युद्धात या छपरांनी महिनोन्‌महिने मारा सोसला. इजिप्तचे सेनाप्रमुख अब्दुल मुनीम रियाद ९ मार्च १९६९ रोजी कालव्यावर आघाडीची पाहणी करताना इस्रायली माऱ्यात ठार झाले, इतका तो काळ दोन्ही काठांना तापलेला होता. तेवढ्यापुरती ही रेषा यशस्वी होती, हे मान्य करायला हवं. जे काम तिला आधी दिलं होतं, म्हणजे तोफांच्या माऱ्यात माणसं जिवंत ठेवणं, ते तिने केलं.

आता वाळूचा तट. कालवा खोदताना आणि पुढे वर्षानुवर्षं गाळ काढताना निघालेली माती काठावर टाकलेली होतीच. इस्रायलने बुलडोझर लावून तीच उंच केली, पाण्याच्या अगदी कडेपर्यंत ढकलली. काही ठिकाणी हा बांध २० ते २५ मीटर उंच होता, म्हणजे सात-आठ मजली इमारतीएवढा. पाण्याकडची बाजू इतकी उभी केली होती की कुठलंही जलस्थलगामी वाहन काठाला लागून वर चढू शकत नव्हतं. मागच्या बाजूने ठराविक अंतरावर उतरणी होत्या, त्यांवर रणगाडा चढून तटाच्या माथ्यावरून पाण्यावर मारा करू शकत होता. या उतरणींची गोष्ट पुढे येईल.

वाळूचा तट फोडणं किती अवघड असतं, हे ज्यांनी केलं नाही त्यांना पटत नाही. सुरुंग पुरला आणि उडवला तर वाळू वर उडते आणि बरीचशी परत त्याच खड्ड्यात पडते. तोफगोळे वाळू गिळून टाकते. बुलडोझर वापरायचा तर तो आधी पाण्यापलीकडे न्यायला हवा, आणि पायथ्याशी खणायला लागलं की वरची वाळू त्याच्यावर घसरते. इजिप्तचे सेनाप्रमुख साद अल-शाझली यांनी नंतर हिशोब लिहून ठेवला आहे: एका खिंडारासाठी सुमारे १,५०० घनमीटर वाळू हलवायची. साठ माणसं, दोन-अडीचशे किलो स्फोटकं आणि एक बुलडोझर घेऊन त्याला पाच ते सहा तास, तेही शत्रूचा मारा नसेल तर. आणि अशी खिंडारं साठ-सत्तर हवीत. तोपर्यंत पलीकडे गेलेलं पायदळ रणगाड्यांशिवाय, हातातल्या शस्त्रांवर उघड्या वाळवंटात लढत राहणार. इस्रायलचा अंदाज होता की इजिप्तला पूल टाकून जड वाहनं पलीकडे आणायला किमान एक पूर्ण दिवस लागेल. पारंपरिक पद्धतीने गेले असते तर तो अंदाज फारसा चुकला नसता.

इथे येतो इजिप्तचा बाकी झाकी युसुफ हा इंजिनिअर अधिकारी. त्याने अस्वानच्या उंच धरणावर काम केलं होतं. तिथे वाळूचे डोंगर पाण्याच्या जोरदार झोताने फोडून, गाळ करून नळांतून वाहून नेत असत. त्याने सुचवलं की इथेही तेच करू. कालव्यात पाणी अमाप आहे, पंप तराफ्यावर ठेवू, झोत तटाच्या पायथ्यावर मारू, आणि सुटलेली वाळू आपोआप उताराने कालव्यातच वाहून जाईल. मला या कल्पनेत सर्वांत थोर वाटतं ते हे शेवटचं वाक्य. कुठल्याही खोदकामात निम्मी मेहनत खोदण्यात असते आणि निम्मी खोदलेलं बाजूला टाकण्यात. इथे दुसरी निम्मी मेहनत गुरुत्वाकर्षणाने केली. शिवाय झोत पायथ्याला मारायचा म्हणजे वरचा भाग स्वतःच्या वजनाने खाली येतो, त्यालाही पाणी घेऊन जातं.

प्रयोग झाले, ब्रिटिश बनावटीचे सुमारे ३०० पंप घेतले गेले, पुढे जास्त ताकदीचे दीडशे जर्मन पंप आले. शाझलींच्या नोंदीप्रमाणे पाच ब्रिटिश पंप एक खिंडार तीन तासांत पाडत; त्यातल्या दोनांच्या जागी जर्मन पंप लावले की दोन तासांत. नाईलच्या पाण्यावर तशाच तटाची प्रतिकृती बांधून तुकड्यांनी हा सराव पुन्हा पुन्हा केला, दिवसा आणि रात्री. कुठल्या माणसाने कुठल्या बोटीत कुठे बसायचं, उतरल्यावर कुठला दोर पकडायचा, इथपर्यंत तालीम झाली. इजिप्तच्या सैन्याला १९६७ नंतर जगाने हिणवलं होतं. त्यांच्या इंजिनिअर दलाने शांतपणे, डोकं खाली घालून केलेली ही तयारी पाहिली की मनापासून सलाम करावासा वाटतो.

'हा तट फोडायला अणुबॉम्बच लागेल असं सोव्हिएत तज्ज्ञ म्हणाले होते' ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती फार लोकप्रिय आहे. मी तिच्यावर काही उभं करणार नाही. तिच्याशिवायही कामगिरी पुरेशी मोठी आहे.

तशीच दुसरी गोष्ट पाण्यावर आग लावण्याच्या योजनेची. इस्रायलने काठाखाली टाक्या पुरून, नळांतून ज्वालाग्राही तेल कालव्यावर सोडून पेटवण्याची व्यवस्था केली होती. हल्ल्याच्या आदल्या रात्री आपल्या पाण्याखालून पोहत गेलेल्या जवानांनी ते नळ बुजवले, असं इजिप्त सांगतो. इस्रायली बाजूने सांगितलं जातं की ती यंत्रणा मोजक्या ठिकाणीच खरी बसवली होती, बाकी ठिकाणी नुसता देखावा होता, आणि तोवर तीही नादुरुस्त झाली होती. दोन्हींतलं काहीही धरलं तरी निष्कर्ष एकच निघतो: ज्या यंत्रणेची नियमित चाचणी आणि देखभाल होत नाही, तिच्यावर आराखडा टेकवू नये. सुरुंगक्षेत्रालाही हाच नियम लागू आहे. पेरून दोन पावसाळे गेले की कुठला सुरुंग जिवंत आणि कुठला वाहून गेला, याची खात्री कुणीही देत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. ऑगस्ट १९७० मध्ये तोफा थांबल्या. या रेषेला विरोध करणारे दोन मोठे आवाज इस्रायली सैन्यात पहिल्यापासून होते, जनरल एरियल शेरॉन आणि जनरल इस्रायल ताल. त्यांचं म्हणणं असं की स्थिर ठाण्यांत माणसं कोंडण्यापेक्षा काठावर फिरती गस्त ठेवा, रणगाडे मागे मोकळे ठेवा, शत्रू आत आला की त्याला वाळवंटात गाठा. लष्करीदृष्ट्या हे चांगलं होतं. पण त्याविरुद्ध एक राजकीय मुद्दा होता आणि तोही पोकळ नव्हता. इजिप्तने कालव्याच्या पूर्वेला पाच किलोमीटरचा तुकडा जरी घेतला आणि संयुक्त राष्ट्रांनी लगेच युद्धबंदी घडवली, तर तो तुकडा कायमचा गेला. म्हणून एक इंचही सोडायचा नाही, म्हणून पाण्याच्या काठावरच राहायचं. दोन्ही बाजूंना थोडं थोडं देऊन शेवटी जे झालं ते दोन्हींपेक्षा वाईट झालं. शेरॉन दक्षिण विभागाचे प्रमुख झाल्यावर त्यांनी निम्म्याच्या आसपास ठाणी बंद केली. पण उरलेली ठाणी ठेवली. ती लढण्यासाठी पुरेशी नव्हती आणि नुसती टेहळणी करून निघून जाण्यासाठी जास्त होती.

लष्करी शाळेत पहिल्या आठवड्यात शिकवतात, ज्या अडथळ्यावर नजर आणि मारा नाही, तो अडथळाच नाही. बार-लेव्हचा अडथळा जगातल्या सर्वोत्तम अडथळ्यांपैकी होता. त्यावरचा मारा मात्र कागदावर होता.

कागदावरच्या या योजनेचं नाव 'कबुतरखाना'. सिनाईतल्या अल्बर्ट मँडलर यांच्या डिव्हिजनचे सुमारे ३०० रणगाडे तीन ब्रिगेडमध्ये. एक ब्रिगेड पुढे, दोन मागे. इशारा मिळाला की पुढच्या ब्रिगेडने तटाच्या उतरणींवर चढून ठाण्यांच्या मधली जागा माऱ्याने बंद करायची. सगळी मदार 'इशारा मिळाला की' या तीन शब्दांवर. आणि इशारा वेळेवर मिळणार, हे गुप्तहेर खात्याने इतक्यांदा सांगितलं होतं की ते गृहीतच धरलं गेलं. इजिप्तने दोन वर्षं पुन्हा पुन्हा सराव केले, सैन्य काठाशी आणलं, परत नेलं. प्रत्येक वेळी इस्रायलने राखीव सैनिक बोलवायचं म्हटलं तर खर्च, कामधंद्याचं नुकसान. मे १९७३ मध्ये सावधगिरीचे उपाय केले आणि काहीच झालं नाही, तेव्हा इशारा देणाऱ्यांचीच पत गेली.

६ ऑक्टोबरला, ज्यूंच्या सर्वांत पवित्र उपवासाच्या दिवशी, योम किप्पूरला, काठावर सोळाच्या आसपास ठाण्यांत माणसं होती. ती बहुतेक जेरुसलेम ब्रिगेडची राखीव माणसं, कुटुंबवाली, वर्षातून काही आठवडे गणवेश घालणारी. एकूण साडेचारशेच्या आसपास. १६० किलोमीटरवर साडेचारशे माणसं. त्या पहाटे इस्रायली नेतृत्वाला हल्ल्याची खात्रीलायक बातमी मिळाली, पण वेळ कळली संध्याकाळी सहाची. हल्ला दुपारी दोनला झाला. पुढच्या ब्रिगेडचे रणगाडे अजून उतरणींवर पोहोचायचे होते. पाण्याच्या काठाशी त्या घटकेला तीनच रणगाडे होते.

दोन वाजता दोनशेहून अधिक इजिप्शियन विमानं कालवा ओलांडून गेली, सुमारे दोन हजार तोफांनी मारा सुरू केला, आणि त्या माऱ्याच्या आडून पहिल्या लाटेचे चार हजार सैनिक रबरी आणि लाकडी बोटींतून, वल्ही मारत पलीकडे गेले. दोराच्या शिड्या तटावर टाकल्या आणि वर चढले. ठाण्यांवर सरळ हल्ला न करता ते मधल्या रिकाम्या जागांतून आत घुसले. आणि सर्वांत आधी कुठे जाऊन बसले? त्या उतरणींवर, जिथे इस्रायली रणगाड्यांनी उभं राहायचं होतं. खांद्यावर आरपीजी हे रॉकेट, पेटीत रणगाडे फोडणारी सॅगर क्षेपणास्त्रं. तासाभराने मँडलरचे रणगाडे ठरल्याप्रमाणे आपल्या जागा घ्यायला धावत आले, तेव्हा त्या जागांवरूनच त्यांच्यावर मारा झाला. त्यात ठाण्यांतून वायरलेसवर मदतीच्या हाका येत होत्या. कुठलाही रणगाडा अधिकारी अशा हाका ऐकून मागे थांबत नाही. तीन-तीन, चार-चार रणगाडे ठाण्यांकडे निघाले आणि वाटेत फुटले. ठाण्यांनी रणगाड्यांना मदत करायची होती. उलट रणगाडे ठाणी सोडवण्यात खर्ची पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डिव्हिजनचे साधारण दोन-तृतीयांश रणगाडे कामातून गेले होते.

हे सगळं होत असताना पंप सुरू होते. पहिल्या रात्रीत साठच्या आसपास खिंडारं पडली आणि त्यांतून पुलांवरून रणगाडे निघाले. पण सगळीकडे ते सारखं सोपं गेलं नाही, आणि सॅपरने शिकायचं ते इथेच. उत्तरेकडे, इजिप्तच्या दुसऱ्या आर्मीच्या भागात, वाळू वाळूच होती. झोताने सुटली, वाहून गेली, आठ-नऊ तासांत पूल लागले. दक्षिणेला, तिसऱ्या आर्मीच्या भागात, मातीत चिकणमातीचा अंश जास्त. तिथे पाण्याने तट वाहण्याऐवजी चिखल झाला. खिंडार पडलं तरी तळाला गुडघाभर निसरडा राडा; त्यात पहिलं वाहन रुतलं की मागची रांग थांबली. लाकूड, दगड, जाळ्या टाकून तो तळ वाहनांच्या लायकीचा करावा लागला, आणि पूल बरेच तास उशिरा, दुसऱ्या दिवशी पूर्ण झाले. एकच तंत्र, एकच सराव, एकाच दिवशी. माती बदलली आणि निकाल बदलला. आमच्याकडे नदी ओलांडायच्या योजनेत काठाच्या मातीची पाहणी आधी का करायला लावतात, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पुलांबद्दलही दोन शब्द. इजिप्तकडे सोव्हिएत पीएमपी जातीचे घडीचे पाँटून, म्हणजे तरंगते पूल होते. ट्रकवरून घडी पाण्यात ढकलली की ती स्वतःच उलगडते, मग पाँटून जोडत जायचं. तुकडा फुटला तर तेवढाच काढून दुसरा लावायचा. पण कालव्याचं पाणी स्थिर नसतं. दक्षिण टोकाला भरती-ओहोटीने पातळी चढते-उतरते आणि प्रवाहाची दिशा उलटते. म्हणजे नांगर दोन्हीकडून टाकावे लागतात आणि काठाजवळचा उतार सतत जुळवावा लागतो. इस्रायली विमानं पुलांवर येत राहिली. इजिप्तने धुराचे पडदे केले, खोटे पूल टाकले, खरे पूल रात्रीतून जागा बदलत राहिले. इंजिनिअर दलातले ब्रिगेडियर अहमद हमदी पुलावर जवानांबरोबर काम करतानाच १४ ऑक्टोबरला मारले गेले. आज सुएझ कालव्याखालून सिनाईत जाणारा बोगदा त्यांच्या नावाने आहे.

पहिल्या दिवशी हजारो जवान मरतील, असं इजिप्तच्या नेतृत्वाने धरलं होतं. शाझलींच्या नोंदीप्रमाणे मृतांचा आकडा तीनशेच्या आत राहिला. ठाणी एकामागून एक पडली. काहींतली माणसं रात्री चालत निसटली, काही पकडली गेली. सुएझच्या बंदरातलं 'मेझाख' ठाणं १३ ऑक्टोबरपर्यंत टिकलं आणि रेडक्रॉसच्या साक्षीने शरण आलं. एकच ठाणं शेवटपर्यंत इस्रायलच्या हाती राहिलं, अगदी उत्तरेचं 'बुडापेस्ट', समुद्र आणि दलदल यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवरचं. तिथे येण्याच्या वाटा मोजक्या, आणि ठाणंही मोठं, चांगलं शस्त्रसज्ज. त्याला वेढा पडला, पण मागून मदत पोहोचू शकली. छप्पर तेच, वाळू तीच. मागे आधार आणि पुढे माऱ्यात येणारी अरुंद वाट, एवढाच फरक.

आणि आता ज्यांना तट निरुपयोगी वाटतो त्यांनी १५ ऑक्टोबरची रात्र पाहावी. इस्रायलने उलटा कालवा ओलांडला तो बिटर लेकच्या उत्तर टोकाला, देव्हरसुआरजवळ, इजिप्तच्या दोन आर्मींच्या सांध्यावर. तिथे त्यांना स्वतःचाच तट फोडायचा होता. शेरॉन यांनी दक्षिण विभागाचे प्रमुख असतानाच एक जागा हेरून ठेवली होती, तिथला तट आतून पातळ करून ठेवला होता, आणि अंधारात चटकन सापडावी म्हणून लाल विटांची खूण केली होती. मागे वाहनं जमवायला संरक्षित आवारही तयार होतं. बुलडोझरांनी तेवढाच भाग उघडला, पॅराट्रूपर रबरी बोटींतून गेले, मागून तराफ्यांवर रणगाडे, मग पूल. अखेरच्या युद्धबंदीपर्यंत इजिप्तची तिसरी आर्मी कोंडली गेली होती. ज्या शेरॉननी रेषेला सर्वांत जास्त विरोध केला, त्यांनीच तिच्यात स्वतःसाठी दार ठेवलं होतं. चांगला इंजिनिअर अडथळा उभा करताना आपल्याला तो कुठून ओलांडायचा आहे, हे आधी ठरवतो.

या कालव्यावर आपल्या लोकांनीही पहारा दिला आहे, हे इथे सांगितलं पाहिजे. फेब्रुवारी १९१५ मध्ये तुर्की सैन्य सिनाईचं वाळवंट तुडवून, पत्र्याच्या पाँटून बोटी ओढत आणून तुस्सूम-सेरापियमच्या परिसरात कालवा ओलांडायला आलं, तेव्हा काठावरचे बहुतेक बंदूकधारी भारतीय पलटणींचे होते. मोजक्या दोन-तीन बोटीच पलीकडे लागल्या. तेव्हाही काठावर विखुरलेली ठाणीच होती, मधली जागा तेव्हाही उघडी होती. फरक असा की त्या वेळी कालव्यात युद्धनौका होत्या, मागच्या रेल्वेवरून कुमक हलत होती, आणि हल्ला येतो आहे हे विमानांनी आधीच पाहिलं होतं. पुढे १९५६ ते १९६७ संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतही भारतीय तुकड्या सिनाई आणि गाझात होत्या.

मग तटबंदी बांधावी का? माझं उत्तर 'हो, पण हिशोब तासांत मांडून' असं आहे. फ्रान्सच्या मॅजिनो रेषेची आजवर टिंगल होते, पण १९४० मध्ये जर्मनांनी तिच्यावर डोकं आपटलं नाही, ते बेल्जियम आणि आर्देनच्या जंगलातून वळसा घालून आले. म्हणजे रेषेने शत्रूला दुसरीकडे वळवण्याचं काम केलं. वळवलेल्या शत्रूसमोर योग्य जागी राखीव सैन्य उभं करण्याचं काम फ्रेंच सेनापतींचं होतं, ते झालं नाही. फिनलंडची मॅनरहाइम रेषा त्या मानाने गरिबाघरची, बरीचशी मातीची आणि लाकडाची. ती डिसेंबर १९३९ पासून फेब्रुवारी १९४० पर्यंत सोव्हिएत सैन्याला अडवून होती, कारण तिच्या मागे माणसं होती आणि ती कुठे मागे हटायची हे ठरलेलं होतं. आपल्या अनुभवातलं म्हणायचं तर लाहोरपुढचा इच्छोगिल कालवा. तो पाकिस्तानने संरक्षणाच्या दृष्टीनेही खोदला आणि सप्टेंबर १९६५ मध्ये त्याने आपल्या सैन्याला खरोखरच जखडून ठेवलं. डोगराईजवळ आपले जवान पहिल्याच दिवशी कालव्यावर पोहोचले, पण मागून वेळेवर आधार न आल्याने त्यांना मागे यावं लागलं. तेच गाव पुन्हा घ्यायला २१-२२ सप्टेंबरच्या रात्री रक्ताची किंमत मोजावी लागली.

म्हणून कुठल्याही रेषेचा आराखडा समोर आला की मी आधी तीन गोष्टी विचारतो. हा अडथळा शत्रूला किती तास थांबवेल? त्या तासांत आपलं राखीव दल कुठून निघून कुठे पोहोचेल? आणि इशारा मिळालाच नाही, तर पहिल्या तासात त्या अडथळ्यावर मारा कोण करेल? बार-लेव्हच्या बाबतीत पहिल्याचं उत्तर 'चोवीस' असं धरलं होतं, ते पाण्याने उत्तरेकडे आठ-नऊ तासांवर आणलं. तरीही, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार असतं, म्हणजे दुपारी दोन वाजता शंभर रणगाडे त्या उतरणींवर उभे असते, तर तराफ्यांवरचे पंप आणि त्यामागची माणसं उघड्या पाण्यात सापडली असती. पंप चालवणाऱ्याला लपायला जागा नसते. युसुफची कल्पना कितीही उत्तम असली तरी ती चालली, कारण तिच्यावर कुणी नेम धरलेला नव्हता.

कुणाला हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर सुएझच्या दक्षिणेला, कालव्याच्या पूर्वेकडे, उयून मूसा इथलं इस्रायली ठाणं इजिप्तने संग्रहालय म्हणून जपलं आहे. तिथल्या मोठ्या तोफा सुएझ शहरावर मारा करायच्या. गेलात तर आत शिरण्याआधी छपराचे थर बाहेरून नीट पाहा. मग आत जाऊन तोफेच्या खिडकीतून डावीकडे-उजवीकडे नजर टाका, आणि शेजारच्या ठाण्यापर्यंतची किती जमीन त्या खिडकीतून दिसतच नाही, ते मोजा.